डब्यावरचा तळहात

मी सातवीत शाळा सोडली, आता पुण्यात हॉटेलात भांडी घासतो. मायच्या निराधार पगाराचा अर्ज तहसीलमध्ये दिला होता, तेव्हाची गोष्ट. गावाकडं ताडकळसच्या बाजारात तहसीलमधलाच कारकून पत्र्याचा डबा घेऊन फिरताना दिसला. दवाखान्यातल्या पेशंटच्या नातलगांना जेवण मिळावं म्हणून तो सुट्टीच्या दिवशी वर्गणी मागायचा. मेथीवालीनं दहाची नोट टाकली अन् म्हणाली, "साहेब, पोट तर तुमचंच सुटायलंय!" तो खदाखदा हसला. मीही भीतभीत शंभराची नोट पुढं केली. त्यानं मला ओळखलं आणि झटकन डब्यावर तळहात ठेवला.

"तुझ्या मायचा अर्ज माझ्या टेबलावर हाय. तुझं चालत न्हाई."

मी नोट परत खिशात घातली. अर्ज गेला, असंच वाटलं. पण पगार सुरू झाला. पुढच्या सुट्टीत त्याला बाजारात गाठून म्हणालो, "आता तरी घ्या, साहेब."

तळहात पुन्हा डब्यावर. "दरसाली मायचा हयातीचा दाखला माझ्याकडंच येतो. ती जिती हाय तवर न्हाई."

देवळातही माझी मान इतकी आपोआप लवली नव्हती. त्याच्या डब्यात माझा रुपया लय वर्षं पडू नये, एवढंच मी इथं परगावी मागतो.