हिरवी खूण

२०१५ साली डहाणू रोडला स्टेशनजवळच्या खोलीत बसून मी एका संस्थेसाठी मोबाइल ॲप बनवलं. तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर एक ताई घरोघरी बाळांची वजनं करायच्या. ती वजनं वहीऐवजी थेट फोनमध्ये भरायची, एवढंच काम.

महिनाअखेरीला ताई फोन तपासायला घेऊन आल्या, उघडला तर आत एकच बाळ. तेही चाचणीसाठी मीच भरलेलं, खोटं.

“बटण दाबलं नसेल तुम्ही,” मी म्हणालो.

“दाबलं ना सर. हिरवी खूण पण आली.”

मी त्यांच्याकडूनच आणखी पाच खोटी बाळं भरून घेतली. पाचही राहिली. “बघा!” मी नाकाने कांदे सोलले.

पुढच्या महिन्यात तेच. खोटी सहा शाबूत, खरी एकही नाही. फोन तोच, बटण तेच, बोटही तेच. माझं डोकं चालेना. तिसऱ्या महिन्यात संस्थेतल्या वरच्या बाईंनी शेरा मारला, ‘ताई पाड्यांवर जातच नाहीत, दुसरी बाई नेमावी.’ खरं सांगतो, मलाही तसंच वाटू लागलं होतं.

तरी चुटपुट लागली म्हणून एक दिवस त्यांच्यासोबत गेलो. पहिल्या घरी वजन झालं, हिरवी खूण आली आणि ताईंनी फोनच बंद केला.

“हे काय?”

“चार्ज वाचवते. पाड्यावर लाइट कुठे?”

पुढच्या घरी फोन चालू करून पाहिलं. मघाचं बाळ नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. ॲप कुणी चुकून काढू नये म्हणून मी ते फोनच्या मूळ यंत्रणेच्या भागात बसवलं होतं. तिथलं वाचता येतं, लिहायला कुलूप काढावं लागतं. फोन तपासायला आला की मी ते काढायचो, म्हणून खोटी बाळं राहायची; पण फोन बंद करून चालू केला की ते आपोआप परत लागायचं. वजनंही मी तिथेच लिहायला लावली होती. लिहिणं फसलं तर काय, हा विचारच केला नव्हता. खूण मात्र बटण दाबताच यायची.

वजनांची जागा बदलली, फसलं तर लाल खूण टाकली, चूक माझी असं लिहून दिलं. ताईंचं काम टिकलं. बाईंनी एकच अट घातली, ती मी खुशीत ताईंना सांगितली, “मागच्या तीन महिन्यांची वजनं तेवढी पुन्हा भरा.”

त्यांनी हातातला वजनकाटा खाली ठेवला.

“सर, तेव्हाचं पोर आता कुठून आणू?”