ठिपका थांबला तिथे

जुना टीव्ही पुनर्वापर केंद्रात देताना माझ्या लेकीने, सायलीने, त्यात माग काढणारं छोटं यंत्र बसवलं होतं. असा कचरा शेवटी कुठे पोचतो, हे शोधणं तिचं कामच. फोनच्या नकाशावरचा ठिपका कारखान्याकडे न वळता खाडीकाठच्या एका वस्तीत थांबला. आम्ही दोघी तिथे गेलो.

एक बाई तारा जाळून तांबं काढत होती. खोकत होती, तरी जाळ सारखा करत होती. शेजारी आमच्या टीव्हीचं रिकामं खोकं पडलेलं. आपण वस्तू टाकतो तेव्हा ती फक्त आपल्या घरातून जाते. पुढे ती कुणाच्या दारात जळते, कुणाच्या छातीत साचते, हे त्या धुरात उभी राहून मी पाहिलं.

सायलीच्या गळ्यातलं पत्रकाराचं ओळखपत्र पाहून बाई म्हणाली, "ताई, तुम्ही लिहिलंत की हे बंद करतील ना?"

"धूर थांबायला हवा, मावशी."

"धूर मला तरी कुठे हवाय? पण मग मी काय करायचं, तेही लिहा."

सायली तिच्यासमोर उकिडवी बसली. "सांगा, काय लिहू?"

बाईने आधी जाळावर पाणी ओतलं.