पत्र्याच्या डब्यातलं यान

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी मालगाडीचे एक गार्ड राहायचे. अँग्लो-इंडियन, एकटेच. सगळी कॉलनी त्यांना अंकल म्हणायची. माझा नवरा रेल्वेत, म्हणून आम्हाला तिथं क्वार्टर मिळालं होतं. मी मांडवगण फराट्याच्या शाळेत शिकवायचे.

एका रविवारी मी पेपर तपासत होते आणि पलीकडून सूंऽऽ सूंऽऽ असा आवाज यायला लागला. भिंतीवरची फोटोफ्रेम हलायला लागली. मी तणतणत गेले.

"अंकल, कुकर बिघडलाय का तुमचा?"

ते खो खो हसले आणि त्यांनी चालू टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "टीचर, बसा. हा माझा आवडता बँड हाय."

त्या दिवशी पेपर तसेच राहिले. अंकल तरुणपणी, नोकरी लागण्याआधी, लंडनला बहिणीकडे दोन-तीन वर्षं होते. तिथल्या स्वस्त खोल्यांच्या वस्तीतल्या काही पोरांनी हा बँड काढला होता. एका हॉलमध्ये हौशी कलाकारांचा कार्यक्रम होता, तिथं ही पोरं न बोलावता घुसली. बँडला नावसुद्धा नव्हतं. एकच धून लांबवत लांबवत वाजवली. त्यांचं सामान वाहणारा मित्र होता, त्याला वाद्य येईना, तर त्याच्या हाती प्रयोगशाळेतलं आवाज काढायचं यंत्र दिलं. त्यातून निघालेल्या सूंऽऽ मुळे ऐकणाऱ्याला आपण अंतराळात निघालोय असं वाटायचं.

"एकदा मोठा जलसा होता, तिकीट लय महाग," अंकल सांगत होते. "तर हे बँडवाले कुंपणाबाहेर तंबूत फुकट वाजवत बसले. आम्ही पन तिकडंच."

पुढं त्या बँडचं एक गाणं खूप चाललं. आलेला पैसा त्यांनी दिवे, नाच आणि ग्रहताऱ्यांवरच्या कवितांचा कार्यक्रम उभा करण्यात घातला. त्या गाण्याच्या गायकाला नंतर काढून टाकलं, तर त्यानं स्वतःचा बँड काढून नाव कमावलं. माणसं येत-जात राहिली. ज्यानं बँड सुरू केला, तो मात्र अजून वाजवतोय.

एवढं सांगून अंकलनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. वर तीन बटणं, आत तारा आणि टॉर्चचे सेल. बँडच्या यंत्रासारखंच हे यंत्र त्यांनी स्वतः जुळवलं होतं. बटण फिरवलं की आवाज वर चढायचा, थरथरायचा, खाली यायचा.

मला आमच्या गॅदरिंगचं नाटक आठवलं. मुलं मंगळावर निघतात आणि यानाचा आवाज म्हणून आम्ही पत्रा बडवणार होतो. मी विचारलं, "याल का अंकल शाळेत?" ते कॅलेंडरवर आपली सुट्टी बघायला उठले.

गॅदरिंगला ते इस्त्रीचा शर्ट घालून, डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. दुपारी नाटक सुरू झालं आणि यान उडायच्या वेळी लाइट गेली, डबा जोडलेला कर्णा बंद पडला. मुलं रडकुंडीला आली. पालकांमधले एक आबा उठले. जन्म मेंढरांमागं गेलेला, आता ऊस करणारा माणूस.

"रडताय कशाला? ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणतो की!"

बॅटरीवर कर्णा चालू झाला. अंकलनी बटण फिरवलं. तो आवाज मैदानावरून उसाच्या फडापर्यंत गेला. कुत्री भुंकली, बायकांनी पदर तोंडाला लावले आणि मुलांच्या पुठ्ठ्याच्या यानाला खरंच बळ आलं. अंकल डोळे मिटून वाजवत होते. यान पोचलं, पडदा पडला, तरी ते थांबेनात. कुणी थांबवलंही नाही.

नंतर आबा त्यांच्याशेजारी येऊन बसले. "पावनं, मला बी फिरवू द्या की एकदा." त्यांनी बटण फिरवलं, दचकले आणि लहान पोरासारखे हसले. "आयला, लांडगं बी पळत्याल याला!"

परतीच्या एसटीत अंकलच्या पायाशी आबांनी दिलेली कांद्याची पिशवी होती. ते म्हणाले, "तिकडं मी नुसता ऐकायला उभा राहायचो, टीचर. लोकांसमोर वाजवलं ते आज पयल्यांदा."

थोड्या वेळानं त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "नेक्स्ट इयर नाटकात समुद्र असेल का? समुद्र पन निघतो याच्यातून."

"असेल," मी म्हटलं. आणि पुढच्या वर्षीचं नाटक लिहायला बसले, तेव्हा पहिल्याच प्रवेशात समुद्र घातला.