पत्र्याचा आवाज

ब्रुकलिनच्या ब्राऊन्सव्हिल भागात बाशा आठवडाभर टोप्या शिवायची आणि रविवारी सकाळी पंधरा मिनिटं रेडिओवर प्रार्थना गायची. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगात, बाईला हे कुणी करू दिलं नसतं. रेडिओवाल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. जाहिरात देणारा शेवयांचा कारखानदार खूश होता, तेवढं त्यांना पुरे. सगळी गल्ली कान देऊन ऐकायची. फक्त तिचे वडील, सिनेगॉगाचे सेवेकरी रेब झानवेल, नेमके तेव्हाच फिरायला निघायचे. बाशाच्या जिवाला तेवढं एकच लागून राहिलं होतं, कारण लहानपणी ती गायला शिकली होती ती त्यांच्याच मांडीवर.

मागे शेजारणींनी रेब झानवेलना विचारलं होतं, रेडिओवर कुणी आशीर्वचन म्हटलं तर 'आमेन' म्हणायचं का? त्यांनी दाढी कुरवाळत निकाल दिला होता, की ती प्रार्थना नव्हेच, नुसता पत्र्याचा आवाज; पत्र्याला कसलं आमेन.

एका रविवारी निघताना बाशानं वडिलांसमोर तोच धागा पकडला.

"ताते, रेडिओतून येते ती प्रार्थना नव्हे, असंच ना तुमचं म्हणणं?"

"असंच."

"मग मी कुठे पाप केलं? पत्रा खडखडला. पत्र्यावर एवढा राग धरून रोज कोट चढवता?"

"रोज नाही, रविवारी," एवढंच म्हाताऱ्याला सुचलं. एका शब्दावरून दोन-दोन तास वाद घालणारा माणूस, पण स्वतःच्याच निकालात पुरता अडकला. आई गिटल हसू लपवायला चुलीकडे वळली.

त्या दिवशी बाशा गायली आणि तडक निघाली. घरी परतली तर आई जिन्यातच वाट पाहत उभी. तिनं घाईघाईनं सांगितलं, की ते बाहेर गेलेच नाहीत, अंगात कोट तसाच ठेवून रेडिओला चिकटून बसले आणि शेवटी एवढ्या मोठ्यानं 'आमेन' म्हणाले, की वरच्या मजल्यावरूनही कुणीतरी 'आमेन' म्हटलं.

बाशा आत गेली. रेब झानवेल चहाच्या पेल्यात बघत होते.

"पत्र्याला आमेन म्हणालात, ताते?"

"पत्रा श्वास घेत नाही," ते म्हणाले. "तिसऱ्या ओळीआधी घेतलास ना, तो श्वास मी शिकवलाय तुला. चौथीत मात्र घाई केलीस. चल, पुन्हा म्हण."

बाशा डोक्यावरची टोपीही न काढता गाऊ लागली.