मानाची फेरी

माझं खतं-औषधांचं दुकान आहे. बाटल्या पडून राहिल्या की एक्स्पायर होतात आणि कंपनी त्या परत घेते. किस्से पडून राहिले की वाढत जातात आणि ते कुणी परत घेत नाही. माझ्याकडचा निम्मा साठा एकट्या आमच्या पार्कचा आहे, म्हणून आज थोडा माल बाहेर काढतो.

पार्क म्हणजे अम्युझमेंट पार्क. बेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या गावचा माळ आणि वावरं होती. एका कंपनीने तिथे जमिनी घेतल्या आणि झुलतं जहाज, झुकझुक गाडी, भूतबंगला असं सगळं उभं केलं. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना घरटी कायमचा फुकट पास. कंपनीला वाटलं असणार, शेतकरी माणसं आहेत, एकदा येतील, दोनदा येतील, मग कांद्याला पाणी द्यायला जातील. आम्ही दर रविवारी जायला लागलो. आधी फुकट म्हणून गेलो आणि मग नाद लागला. आता आमच्यातलं कुणीही नुसत्या आवाजावरून सांगेल की आज जहाजाला ग्रीस कमी आहे.

गाव म्हटलं की मान आलाच. यात्रेत मानाचा गाडा पहिला सुटतो, तसं आम्ही ठरवलं की ज्याच्या जमिनीवर जो खेळ, त्याची रविवारची पहिली फेरी त्या घराची. मॅनेजरने नियम दाखवले. नामदेव तात्या जहाजाच्या फाटकात घोंगडी टाकून आडवे झाले. तेव्हापासून मानाची फेरी चालू आहे.

* * *

माझ्या वाट्याला पार्किंग आलं.

जहाज तात्यांच्या वाटाण्याच्या वावरात, झुकझुक गाडी बबनरावांच्या कांद्यात, आणि माझ्या वावरात पार्किंग. मग माझा मान कोणता? बरीच चर्चा झाली आणि रविवारची पहिली गाडी माझी लागेल असं ठरलं. माझं घर एक बांध ओलांडला की आहे. चालत गेलो तर लवकर पोचेन, पण मी मोटरसायकल काढतो आणि हायवेने वळसा घालून येतो.

एका रविवारी माझ्या जागेवर पुण्याची मोठी गाडी लागलेली. तात्या सोबत होते. ते म्हणाले, "पावणं, गाडी जरा पलीकडं घ्या. यांची जागा हाय ती."

"यांनी रिझर्व्ह केलीय का?"

"न्हाई. यांचा भुईमूग व्हता हितं."

माणूस भला होता. त्याने गाडी काढली.

* * *

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जमीन देऊन बसलेल्या माणसाचा पुढे कशावरच विश्वास बसत नाही. पार्कात नवा बल्ब लागला तरी आमच्या मनात पाल चुकचुकते.

जहाजाला रंग दिला तेव्हा तात्या मानाची फेरी मारून तडक ऑफिसात गेले. "रंगाच्या नावाखाली तुमी झोका कमी केलाय," ते मॅनेजरला म्हणाले. "आधी वर गेलं की माझ्या वस्तीचा पत्रा दिसायचा. आता नाय दिसत."

मॅनेजरने मेकॅनिक बोलावला, टेप लावून दाखवली. शेवटी तो तात्यांना घेऊन स्वतः जहाजात बसला आणि वरून बोट दाखवलं. मधल्या रानातला ऊस वाढला होता, पत्रा त्याच्यामागे गेला होता. तात्यांनी मान डोलावली, पण त्यांना पटलं नव्हतं हे आम्हाला कळत होतं.

पुढे सीझन सुरू झाला आणि तो ऊस तुटून पारगावच्या कारखान्याला गेला. त्या रविवारी तात्या जहाजातून उतरले ते छाती काढून. "बघितलं? तक्रार केली म्हून वाढवला का नाय झोका?"

* * *

मग एक दिवस मॅनेजरने पासवाल्यांना चहाला बोलावलं. फुकटचा चहा म्हटल्यावर आम्ही सगळे सावध होऊन गेलो. पार्क वाढवायचा होता आणि जुन्या खेळांना सिनेमाची थीम द्यायची होती. जहाजाचं अंतराळयान होणार, भूतबंगल्यात परदेशी सिनेमातली चालती प्रेतं येणार, आणि झुकझुक गाडी एका राजाच्या सिनेमातल्या गुहेतून जाणार.

अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरंही आली होती. ती या सिनेमांची भक्त, छातीवर सिनेमाचंच चित्र. एक जण तात्यांना समजावू लागला, "काका, तिन्ही पार्टमध्ये यानच आहे. जहाज थीमला शोभत नाही."

"कुठं जातं हे यान?"

"दुसऱ्या आकाशगंगेत."

"अन् मग?"

"मग परत इथेच येतं. राईड आहे ना, काका."

"म्हंजे जहाजच की," तात्या म्हणाले.

वाद पेटला. नाव बदललं तर मान राहतो की जातो? तात्या म्हणाले, राहतो. पोरं म्हणाली, मान हा प्रकारच थीममध्ये बसत नाही. मॅनेजर दोघांनाही हो म्हणत होता, त्यामुळे दोघांनाही त्याचा संशय आला.

या सगळ्यात बबनराव गप्प होते. ते आमच्यातले सगळ्यात अबोल. त्यांची दोन्ही मुलं चाकणला नोकरीला, रान कसायला कुणी राहिलं नाही, म्हणून त्यांनी सगळं दिलं. फक्त एक शब्द घेतला होता, की वडिलांनी खणलेली विहीर बुजवायची नाही. दुष्काळात आख्खी वस्ती त्या विहिरीवर जगली होती. कंपनीने शब्द पाळला, विहिरीवर जाळी बसवली आणि रूळ तिला वळसा घालून नेले. दर रविवारी मानाच्या फेरीत बबनराव डब्यात उठून उभे राहायचे, खाली बघायचे आणि म्हणायचे, "पाणी हाय." मागच्या डब्यातले पुण्याचे लोक टाळ्या वाजवायचे. त्यांना वाटायचं हा खेळाचाच भाग आहे.

चहा संपल्यावर बबनरावांनी एवढंच विचारलं, "इहीर?"

"विहीर गुहेच्या आत येईल," मॅनेजर म्हणाला. "एकदम सुरक्षित."

"दिसंल?"

"दिसणार नाही, पण असेल."

बबनरावांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

* * *

भूतबंगला सगळ्यात आधी बदलला. तो धोंडिबाच्या माळावर आहे. धोंडिबाची मेंढरं तिथे चरायची, आता थोडी राहिलीत. पूर्वी आत वेताळ होता, हडळ होती, गिरणीच्या पट्ट्यावर फिरायची. नव्या थीममध्ये खरी माणसं ठेवली, फाटके कपडे आणि पांढरी तोंडं करून. ती पाय ओढत अंगावर येत.

धोंडिबा मानाची फेरी करून बाहेर आला. मॅनेजर दारातच उभा होता. "काय धोंडिबा, भीती वाटली का?"

"भ्या नाय वाटलं. काळजी वाटली."

"काळजी?"

"समदी आजारी दिसत्यात. जेवाया देता का न्हाई तुमी त्यांना?"

मॅनेजर हसला. पण आतल्या एका प्रेताने तेवढं ऐकलं आणि ते बाहेर येऊन म्हणालं, "नाय देत, बाबा."

दुसऱ्या दिवसापासून प्रेतांना वडापाव सुरू झाला.

* * *

मग गुहेच्या तोंडाशी बसवायला फायबरचा बिबट्या आला. राजाच्या सिनेमात म्हणे राजा बिबट्या पाळतो. आमच्याकडे बिबट्याची जाहिरात करायची गरज नाही, तो उसात असतोच, पण कंपनीला कोण सांगणार? ट्रकमधून उतरवला तो कुंपणाजवळ ठेवून दिला. पलीकडे ऊस.

सकाळी तोडणीच्या टोळीने कोयते खाली ठेवले. उसात कुणी पाय टाकीना. मॅनेजर धावत आला, त्या बिबट्याच्या पाठीवर हात आपटून दाखवला, ढप ढप आवाज काढला, कानाला धरून हलवला. "फायबरचा आहे हा. खेळणं आहे, खेळणं."

टोळीचा मुकादम शांतपणे म्हणाला, "हा फायबरचा, कबूल. अन् काल याच्याशेजारी बसला व्हता तो?"

मॅनेजर हात काढून घेऊन ऑफिसकडे निघाला. चालत निघाला होता, पोचला पळत.

* * *

गुहेचं काम सुरू झालं आणि बबनरावांच्या रानाभोवती हिरवे पत्रे ठोकले गेले. आत काय चाललंय ते दिसेना. मानाची फेरी बंद. रविवारी बबनराव यायचे, पत्र्यासमोर उभे राहायचे, आम्ही त्यांच्यासमोर जहाजाच्या गप्पा मारायचो आणि त्यांचं लक्ष नसायचं.

एकदा आमच्या डोळ्यांदेखत मुरमाचे डंपर आत गेले. एकामागून एक. बबनराव मॅनेजरला आडवे गेले.

"मुरूम कशाला?"

"डोंगराला. गुहा डोंगरात आहे ना."

"डोंगर फायबरचा, अन् मुरूम खरा?"

"बेसला लागतो, भाऊ. पाया."

"मला आत जाऊन बघू द्या."

"सेफ्टीचा प्रश्न आहे. उद्घाटनाला पहिली फेरी तुमचीच."

तो खरं बोलत होता का खोटं, तेव्हा मला सांगता आलं नसतं. बबनरावांनी मात्र त्या दिवशी ठरवून टाकलं की विहीर गेली. घरी गेले आणि जेवले नाहीत. त्यांची बायको, आमच्या शकुंतला वहिनी, मला दुकानात येऊन सांगत होत्या. "तुमी जरा समजवा त्यांना, भाऊजी. रान दिलं तवा येवढं मनाला लावून घेतलं नव्हतं."

मी समजवायला गेलो. ते म्हणाले, "मुरूम गेलेला तू बी बघितलास."  मनातून मलाही तेच वाटत होतं.

* * *

उद्घाटनाचा रविवार आला. गाडीला सोनेरी रंग, डब्यांना वाघनखं. गुहेबाहेर अवसरीची पोरं रांगेत, हातात मोबाईल. मॅनेजरने शब्द पाळला आणि आधी आम्हाला बसवलं. पहिल्या डब्यात बबनराव आणि वहिनी, मागे मी, तात्या, धोंडिबा.

आत मिट्ट काळोख. विहिरीजवळचं वळण आलं तसे लाल दिवे लागले आणि सिंहासनावर बसलेला फायबरचा राजा दिसला. त्याचा हात वर झाला आणि स्पीकर घुमला, "सावधान! हे राज्य माझं आहे! इथली माती माझी..."

बबनरावांनी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव."

ड्रायव्हर गावचाच. मानाच्या फेरीत नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. गाडी थांबली तसा राजाही थांबला, हात वरच राहिला. गाडी चालली तरच तो बोलतो, अशी सोय होती. दिवेही विझत गेले.

बबनराव उठले. खिशातून त्यांनी एक खडा काढला आणि सिंहासनाच्या मागे टाकला.

आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. मग खोलवर डुबुक असा आवाज आला.

"हाय राव," तात्या म्हणाले. 

 बबनराव म्हणाले, "बादली ठिवली आसंल."

"येवढ्या खोल बादली?"

"मग टाकी आसंल. यांना काय अवघड हाय?"

तात्यांनी कपाळाला हात लावला असणार, तोवर पुरता काळोख झाला होता. धोंडिबा काहीतरी बोलायला लागला आणि तेवढ्यात वहिनी डब्यातून खाली उतरल्या. कुणाला काही न विचारता त्या सिंहासनाला वळसा घालून गेल्या, एकदाही न चाचपडता, हे बांगड्यांच्या आवाजावरून कळत होतं. आम्ही मोबाईलचा उजेड पाडला तोवर त्या काठावर पोचल्या होत्या आणि पिशवीतून तांब्या काढत होत्या. तांब्याच्या गळ्याला दोर बांधलेला होता. त्यांच्यामागून उतरलेले बबनरावही बघतच राहिले, म्हणजे त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

वहिनींनी तांब्या तिरपा करून जाळीतून सोडला. दोर हातातून सरकत राहिला, सरकत राहिला, मग सैल पडला. त्यांनी एक हिसका दिला आणि ओढायला लागल्या.

तांब्या वर आला. त्यांनी तो आधी नवऱ्याच्या हातात दिला. बबनराव दोन घोट प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. मग तांब्या बायकोकडे दिला.

"बघ," ते म्हणाले.

वहिनींनी तोंडाला न लावता वरून धार घेतली. घोट जिभेवर घोळवून गिळला.

"त्येच हाय," त्या म्हणाल्या.

दोघं येऊन डब्यात बसले. बाहेर पोरं शिट्ट्या मारत होती. बबनरावांनी ड्रायव्हरला सांगितलं, "चालव आता."

गाडीला धक्का बसला, लाल दिवे लागले, आणि राजाने राहिलेलं वाक्य पुरं केलं, "...इथलं पाणी माझं!"

वहिनींनी पदराने तोंड पुसलं.

"बरं," त्या राजाला म्हणाल्या.