चिमणी आडवी हलत होती

सातवीनंतर शाळा सुटली आणि परभणीकडून येऊन मी भांडगावजवळच्या एका कारखान्यात वेल्डिंगला लागलो. काम शिकवलं ते शिरूरच्या मिस्त्रींनी. त्यांना सगळे मामा म्हणायचे. डबाही ते दोघांपुरता आणायचे. ते उपकार आधी लिहून ठेवतो.

बॉयलरची उंच लोखंडी चिमणी आम्ही उभी केली, तेव्हा मामा म्हणाले, वरच्या भागाला गोल फिरत जाणारी पट्टी हवी. मला कारण कळेना. त्यांनी मला कालव्यावर नेलं, वाहत्या पाण्यात पाइप उभा धरायला लावला आणि वरून भुसा सोडला. पाइपामागं एक भोवरा डावीकडं सुटला, मग एक उजवीकडं, परत डावीकडं. दर भोवऱ्याला मुठीतला पाइप बाजूला ओढ घ्यायचा.

"मामा, पाणी समोरून येतंय, मग हा आडवा का हलतोय?"

"वाऱ्याचंबी असंच. वादळाला भिऊ नगं, एकसारखं मंद वारं वाईट. भोवऱ्यांची लय आन् चिमणीची लय जुळली की झोका वाढतच जातो. पट्टी असली की भोवरे वरखाली फुटत्यात, एकजुटीनं ओढत न्हाईत. आपल्या पुढाऱ्यांवानी."

साहेबांना पट्टी फालतू वाटत होती. त्यांनी मामांसमोरच मला विचारलं, "तू रोज वर चढतोस. हलते का?"

त्याच सकाळी साध्या झुळकीत ती हलली होती, मी शिडीला मिठी मारून बसलो होतो. पण हो म्हटलं तर भित्रा म्हणून घरी धाडतील, असं वाटलं.

"नाही साहेब."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. पट्टी रद्द झाली.

थोड्याच दिवसांत चिमणीच्या बुडाशी चीर गेली. मामांचं वेल्डिंग कच्चं, असं ठरलं आणि त्यांना काढलं. दुरुस्तीत एवीतेवी म्हणून पट्टीही मारून घेतली, ती माझ्याकडूनच. मग चिमणी हलली नाही. कच्च्या वेल्डिंगचा ठपका मात्र तसाच राहिला. मामांना कुणी काम देईना.

एका रविवारी एसटीनं शिरूरला जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं.

"मला सांगून काय व्हनार? मला ठावंच हाय. साहेबाला सांग."

"सांगतो, मामा."

"चहा घे आधी. उद्या सांग."

सोमवारी साहेब केबिनमध्ये होते. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मंगळवारी ते बाहेरगावी होते. पुढं असंच होत राहिलं.

मामा वारल्याचं कळलं, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, "माणूस लाखाचा, पण वेल्डिंग कच्चं."

मी तिथंच बसलो होतो.