मराठी न येणारी हंसाबाई

आमची मोठी जाऊ हंसाबाई म्हणजे आर्णीजवळच्या आमच्या तांड्यातली एक नंबरची नौटंकी. बाजारात भांडाले मराठी, बसच्या कंडक्टरले दटावाले हिंदी, अन् घरात सासूले टोमणे माराले आमची बंजाऱ्यांची गोरबोली. तिन्हीत जीभ सारखीच चालते. अन् तिचीच पोरगी दीपा, पाच वर्षांची झाली तरी दोन-चार शब्दांच्या पुढं सरकेना. डॉक्टर म्हणाले, समज हळूहळू येईन, पण बोलण्याची थेरपी लावा.

लावली. यवतमाळात एका मॅडमकडे गेलतो आम्ही दोघी जावा. मॅडमनं एका बाईचं चित्र दाखवलं, "ही कोण?" दीपानं सरळ हंसाबाईकडे बोट केलं, "याडी!" आमच्यात आईले याडीच म्हणतात. मॅडम म्हणे, "गाडी नाही बाळा, आई." पोरगी पुन्हा याडी, मॅडम पुन्हा गाडी. माह्या जावेले चाकं फुटले का काय, मीच वाकून पाहिलं! शेवटी उलगडून सांगितलं, तं मॅडमनं फर्मान काढलं. घरात फक्त मराठी बोला, दोन भाषांनी पोरगी गोंधळते.

हंसाबाईनं ऐकलं. लेकरू बोलावं म्हणून तिनं काहीबी ऐकलं असतं. "दीपा बाळ, इकडे ये, जेवण कर," असं रेडिओवानी बोले. पोरगी तिच्या तोंडाकडे टुकूटुकू पाहे. होते तेबी शब्द बंद झाले. मंग बाई चुलीपुढं बसून रडली. "उज्ज्वला, माह्या लेकरानं मले हाक माराचंच सोडलं वो." मलेबी लय राग आला त्या मॅडमचा.

दुसरी मॅडम पाहाची ठरली. अनघा नावाची, वयानं पोरगीच. दारातच हंसाबाई माह्या कानात म्हणे, "मले मराठी येत नाही, समजलं? हसशील तं याद राख."

"काहून वो?"

"आपल्या बोलीले नाक मुरडते का, ते पाहाचं हाय."

झालं सुरू! मॅडम काहीबी विचारे, हिचं एकच, "मालम कोनी." म्हणजे मले माहीत नाही. चेहरा असा भोळा, की मले पदर तोंडात कोंबा लागला. दुभाषी मीच. पण मॅडमनं ना नाक मुरडलं, ना घाई केली. चटईवर मांडी घालून बसली अन् मले विचारून विचारून आमचेच शब्द दीपापुढं म्हणू लागली. भाकरीले आम्ही बाटी म्हणतो, तिनं त्याची वाटी केली. दीपा खुदकन हसली. किती दिवसांनी हसली पोरगी!

"चुकलं का गं माझं?" मॅडम तिले म्हणे. मंग हंसाबाईकडे वळली. हातवारे करत, एकेक शब्द तोडून, "आई, तुम्ही... घरी... तुमच्याच... बोलीत... बोला. समजलं?"

हंसाबाईचे डोळे भरून आलते. तरी पठ्ठी म्हणते, "मालम कोनी."

मॅडम बिचारी पुन्हा पहिल्यापासून हातवारे करू लागली. तेवढ्यात दीपा उठली. मायचा पदर ओढला, मॅडमकडे पाहिलं, अन् खणखणीत मराठीत म्हणे, "लबाड!"

तांड्यात हंसाबाईले तोंडावर हे म्हणाची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. मॅडम थक्क. हंसाबाईनं पोरीले छातीशी कवटाळलं, अन् हसू का रडू असं तोंड करून म्हणे, "हो वो मॅडम, लबाडच हाय मी, पक्की लबाड! सारं समजते मले. आता सांगा, इले उद्या कधी आणू?"